अंगावरचे दूध आणि अंगावरचे वजन



रुवैसमध्ये आपली बहुतेक कुटुंबे तरुण आहेत. त्यामुळे वर्षभरात कुणाकडे ना कुणाकडे बारसे असतेच. बाळाचे नाव ठेवून झाले, घुगऱ्या वाटून झाल्या की बायकांच्या घोळक्यात एक विषय हमखास निघतो. वजन! "आधीचा एकही ड्रेस होत नाही", "दूध पाजते आहेस ना, मग आपोआप उतरेल", "आता डाएट केलेस तर दूध आटेल हो", "लाडू खा गं, कमरेला बळ येते". अशी चारी दिशांनी चार मते येतात आणि बाळंतीण बिचारी गोंधळून घरी जाते. आम्हाला हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेला आहे की एकदा सगळी माहिती नीट एका जागी लिहून ठेवावी असे ठरवले. हा लेख बाळंतिणीने तर वाचावाच, पण तिच्या नवऱ्याने आणि भारतातून मदतीला आलेल्या आई-सासूबाईंनीही वाचावा. स्वयंपाकघर त्या दिवसांत त्यांच्याच हातात असते.

आधी उत्तर सांगतो, मग तपशील. अंगावर पाजताना वजन कमी करता येते, आणि बेताने केले तर दूध कमी होत नाही. मात्र नुसते पाजल्याने वजन उतरेल या भरवशावर राहू नये, आणि उपाशी तर मुळीच राहू नये.

हे वजन असते कशाचे?

सर्वसाधारण बांध्याच्या स्त्रीचे वजन गरोदरपणात साडेअकरा ते सोळा किलोपर्यंत वाढणे योग्य, असे अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली सांगितले. त्यातले तीन किलोच्या आसपास बाळ, अर्धा-पाऊण किलो वार आणि पाऊण-एक किलो गर्भजल, हे बाळंतपणाच्या दिवशीच जाते. गर्भाशय त्या दिवशी एक किलोचे असते, ते सहा आठवड्यांत आकसून साठ-सत्तर ग्रॅमवर येते. शरीरात वाढलेले रक्त आणि पाणी पहिल्या काही आठवड्यांत लघवी व घामावाटे निघून जाते. पहिल्या आठवड्यात बाळंतीण घामाने भिजून जाते ते यामुळेच. एसीला दोष देऊ नये.

उरते ती चरबी. साधारण तीन-चार किलो चरबी शरीर मुद्दाम साठवून ठेवते, कारण पुढे दूध तयार करायचे असते. कुठल्या काळात किती खायला मिळेल याचा भरवसा नव्हता, तेव्हाची ही तजवीज. म्हणजे बाळंतपणानंतर अंगावर असलेली सगळी चरबी बाईच्या आळसाची नसते हे घरातल्यांनी लक्षात घ्यावे. दोन महिन्यांची बाळंतीण "अजून पोट दिसते" म्हणून रडायला लागते, तेव्हा तिला आधी हे सांगावे.

दुधाचा हिशेब

केवळ अंगावर पिणारे बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पिते. शंभर मिलिलिटर दुधात सुमारे ६७ कॅलरी असतात. त्यातच ते दूध तयार करण्याचा शरीराचा खर्च मिळवला की आईला रोज सहाशे-साडेसहाशे कॅलरी जास्त लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी जे आकडे दिले, त्यांत बैठे काम करणाऱ्या स्त्रीला १६६० कॅलरी आणि पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने त्यावर ६०० जास्त, म्हणजे एकूण २२६० असे धरले आहे.

आता खरी गंमत पुढे आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे धरले आहे की चांगले खातेपिते असलेल्या आईच्या शरीरातून, दुधासाठी लागणाऱ्या कॅलरींपैकी रोज सुमारे १७० साठवलेल्या चरबीतून येतात. बाकीच्या तिने खाल्लेल्या अन्नातून. या वेगाने महिन्याला साधारण आठशे ग्रॅम वजन उतरते. "दूध पाजले की वजन आपोआप उतरते" या म्हणण्यात खरे आहे ते एवढेच. सहा महिन्यांत साडेचार-पाच किलो, तेही बाईने गरजेपेक्षा जास्त खाल्ले नाही तर.

रोजच्या १७० कॅलरी किती लहान रक्कम आहे हे कळायला लाडवाकडे वळावे लागेल.

डिंकाचा लाडू: काय ठेवावे, काय बदलावे

एक मध्यम डिंकाचा लाडू घ्या, चाळीस-बेचाळीस ग्रॅमचा. त्यात दहा ग्रॅम तूप म्हणजे ९० कॅलरी, दहा ग्रॅम गूळ म्हणजे ३८, आठ ग्रॅम सुके खोबरे म्हणजे ५० च्या वर, शिवाय खारीक, बदाम, डिंक. बेरीज सव्वादोनशेच्या घरात जाते. दूध पाजण्याने दिवसभरात अंगावरची जितकी चरबी खर्च होते, तितकी एका लाडवाने भरून निघते आणि वर थोडी शिल्लक राहते! आणि आपल्याकडे सकाळी एक, संध्याकाळी एक, मधे शिरा आणि जेवणात तुपाची धार असा थाट असतो.

यावर आजीचा सवाल असतो, "आम्ही नाही खाल्ले? आम्ही कुठे जाड झालो?" सवाल रास्त आहे. पण ज्या बाईसाठी हा लाडू बांधला जात होता ती कशी होती ते आठवावे. गरोदरपणात तिला फारसे वरचे खायला मिळालेले नसायचे. पाठोपाठची बाळंतपणे, अंगात रक्त कमी. सव्वा महिना संपला की तिला विहिरीचे पाणी, जाते, शेत, गोठा यांना परत जुंपले जायचे. घरात हक्काने तिच्या वाट्याला येणारे पौष्टिक खाणे बहुधा ते एवढेच. तिला त्या लाडवाची नितांत गरज होती, आणि शेताच्या कामात तो जिरून जात होता. रुवैसच्या कंपनी क्वार्टरमधली बाळंतीण गरोदरपणात पोटभर जेवलेली असते, तिच्याकडे वॉशिंग मशीन असते, भाजीला जायचे तर गाडी असते आणि बाहेर पंचेचाळीस अंश असल्याने खिडकीसुद्धा उघडत नाही. लाडू तोच राहिला, बाई बदलली.

म्हणून लाडू बंद करा असे आम्ही म्हणत नाही. आईने रात्र रात्र जागून डिंक तळून, विमानात हँडबॅगेत जपून आणलेल्या डब्याला केवळ कॅलरीच्या तराजूत तोलू नये. पहिले तीन-चार आठवडे दिवसाला एक लाडू खावा, त्या वेळी जखमा भरून यायच्या असतात आणि भूकही खरी असते. त्यानंतर लिंबाएवढे छोटे लाडू वळावेत, एक दिवसाआड खावेत, आणि तो लाडू न्याहारीचा भाग समजावा, न्याहारीनंतरचा नव्हे.

अळीव मात्र सोडू नये. त्यात लोह भरपूर आहे, आणि चमचाभर अळीव दुधात भिजवून, थोड्या गुळावर केलेली खीर लाडवापेक्षा खूपच हलकी पडते. भारतातून आणायचे राहिले तर काळजी नको. इथल्या अरबी मसाल्यांच्या दुकानात 'हब्ब रशाद' मागावे, तेच आपले अळीव. आखाती देशांतल्या बायकाही बाळंतपणानंतर ते घेतात, आणि मेथीसुद्धा, तिला इथे हिलबा म्हणतात. समुद्राच्या दोन्ही काठांवरच्या आज्या एकाच पुड्या बांधत होत्या म्हणायच्या! दूध वाढवण्याचा या पदार्थांचा पुरावा तसा तोकडा आहे. दूध वाढते ते मुख्यतः बाळाने वारंवार आणि नीट ओढून पिण्याने. पण मेथीची भाजी, शेपूची भाजी, लसणाची चटणी, बाजरीची भाकरी, ओवा-बाळंतशेपेची सुपारी हे सगळे वजनाच्या दृष्टीने निर्धोक आहे, आणि आपल्या बाळंतिणीच्या ताटातला हा भाग आम्हाला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. दुर्दैवाने सगळ्यात आधी हाच भाग गळतो आणि लाडू-शिरा तेवढे राहतात.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायलाच हवी. खसखशीवर संयुक्त अरब अमिरातीत बंदी आहे. ती अफूच्या झाडाची बी असल्याने इथल्या कायद्याने अमली पदार्थांत धरली जाते. आपल्याकडे डिंकाच्या लाडवात खसखस सर्रास घालतात. विमानतळावर ती सामानात सापडली तर प्रकरण अटकेपर्यंत जाऊ शकते, मग ती चिमूटभर असो की लाडवात मिसळलेली असो. आई किंवा सासूबाई निघण्याआधी फोन करून हे स्पष्ट सांगा. "थोडीशीच घातली आहे" चालणार नाही. खसखशीऐवजी भाजलेले तीळ घालावेत, चवही छान येते.

आपल्याला जास्त जपायला का हवे

हा प्रश्न केवळ ड्रेसचा असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण पुण्याच्या त्या लहानखुऱ्या बाळांत स्नायू कमी असूनही चरबी मात्र जवळपास तेवढीच टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीयुक्त. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के!

म्हणूनच भारतीयांसाठी वजनाची मर्यादा खाली धरतात. बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा. पाच फूट एक इंच, म्हणजे १५५ सेंटीमीटर उंचीच्या बाईला याचा अर्थ ५५ किलोच्या पुढे सावध आणि ६० ला गंभीर. कंबर ८० सेंटीमीटरच्या आत हवी. इथल्या जिममधला तक्ता गोऱ्या लोकांसाठीचा असेल तर तो ३० पर्यंत "लठ्ठ" म्हणणार नाही. त्यावर खूश होऊ नये.

ज्यांना गरोदरपणात साखर निघाली होती त्यांनी तर हा भाग दोनदा वाचावा. बाळंतपणानंतर साखर नॉर्मल झाली की आपण फाइल कपाटात टाकतो. पण पुढे मधुमेह होण्याची शक्यता अशा स्त्रियांत कितीतरी जास्त असते. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी जरूर करावी. नेमका त्याच सुमारास बाळाच्या लसींचा फेरा असतो आणि आईची तपासणी राहून जाते. लसीच्या दिवशीच विचारून ठेवावे. चांगली बातमी अशी की अंगावर पाजल्याने हा धोका कमी होतो असे अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे वजन उतरवण्यासाठी दूध तोडणे हा उलटाच व्यवहार ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सहा महिने केवळ अंगावरचे आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा जास्त असा आहेच.

कधी आणि किती

पहिले सहा आठवडे वजन कमी करण्याचा विचारही करू नये. दूध बसायचे असते, शरीर भरून यायचे असते. सिझेरियन असेल तर डॉक्टर सांगतील तोपर्यंत थांबावे.

त्यानंतर काय, यावर दोन अभ्यास आम्हाला फार उपयोगी वाटले. कॅलिफोर्नियात १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींना आठवड्यातून पाच दिवस, पाऊण-पाऊण तास व्यायाम बारा आठवडे करायला लावला. दूध कमी झाले नाही, बाळांची वाढही नेहमीसारखी झाली. पण आयांचे वजनही न व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त उतरले नाही! व्यायामाने भूक वाढली आणि त्यांनी तितके जास्त खाल्ले. पुढे २००० साली नॉर्थ कॅरोलायनात वजन जास्त असलेल्या चाळीस पाजणाऱ्या आयांवर अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्यांनी रोज पाचशे कॅलरी कमी खाल्ल्या आणि आठवड्यातून चार दिवस व्यायामही केला. दहा आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ४.८ किलोने उतरले, बाकीच्यांचे ०.८ किलोने. दोन्ही गटांतल्या बाळांची वजन-उंची सारखीच वाढली.

तेव्हा आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरे. २२६० मधून चारशे-पाचशे वजा केले की अठराशेच्या आसपास येतो. पाजणाऱ्या आईने त्याखाली जाऊ नये. त्याहून कमी खाल्ले तर थकवा येतो, केस गळतात (ते तसेही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतातच, घाबरू नये), चिडचिड होते, आणि मग एके रात्री फ्रीजसमोर उभे राहून अर्धा डबा बर्फी संपते.

कॅलरी मोजत बसायला कुणाला वेळ आहे? पाचशे कॅलरी आपल्या घरात कुठे लपलेल्या असतात ते बघितले की काम होते. साखरेचे तीन-चार चहा, त्यात इथला तो डब्याच्या घट्ट दुधाचा कडक. पाहुणचाराचा फळांचा ज्यूस. जेवणानंतरचा "गोडाचा एक घास". नवऱ्याची नाइट शिफ्ट संपल्यावर त्याच्याबरोबर पुन्हा एकदा केलेली न्याहारी. एक मोठा खुबूस, जो आपल्या दोन-तीन पोळ्यांच्या बरोबरीचा असतो आणि हलका वाटतो म्हणून दोन खाल्ले जातात. यातले निम्मे कमी झाले तरी पाचशे सुटतात, जेवणाच्या ताटाला हात लावावा लागत नाही.

ताटात उलट काही गोष्टी वाढायला हव्यात. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे १७ ग्रॅम जास्त प्रथिने लागतात आणि कॅल्शियम १२०० मिलिग्रॅम. शाकाहारी घरात हे सहज कमी पडते. दोन वाट्या घट्ट वरण, उसळ, दही, पनीरचा तुकडा असे रोज हवे. इथले 'लबन' म्हणजे आपले ताकच, जरा दाट. बिनसाखरेचे बघून घ्यावे. मासे खाणाऱ्यांनी बांगडे-तारली खुशाल खावेत. सुरमईसारख्या मोठ्या माशांत पारा साठतो, म्हणून त्या रोज नकोत. गोड हवेच असेल तर खजूर आहे. लिवाच्या बागा आपल्याच अल् धफ्रा भागातल्या. साधे दोन-तीन खजूर म्हणजे साठ-सत्तर कॅलरी, लाडवाच्या तिसरा हिस्सा. मात्र मधुमेह असेल तर तेही मोजून.

पाणी तहानेप्रमाणे प्यावे. उन्हाळ्यात तहान जास्त लागणारच. पण तांब्यावर तांबे जबरदस्तीने प्यायल्याने दूध वाढत नाही.

रुवैसमध्ये चालायचे कुठे?

अबू धाबीपासून अडीचशे किलोमीटरवरच्या आपल्या या गावाचा एक फायदा आहे. वसाहत आटोपशीर, रस्ते रुंद, रहदारी कमी, बागा हाकेच्या अंतरावर. नोव्हेंबर ते मार्च बाबागाडी घेऊन संध्याकाळी चाळीस मिनिटे चालणे यासारखा दुसरा व्यायाम नाही. बाळही झोपते आणि चार माणसे भेटतात. जबल धन्नाच्या किनाऱ्यावर सुटीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून जावे.

मे ते सप्टेंबर मात्र बाळाला घेऊन बाहेर पडणे शक्य नसते. उष्मा तर आहेच, शिवाय समुद्राकाठची दमट हवा. तेव्हा रुवैस मॉलमध्ये चालावे (फूड कोर्टच्या बाजूने नव्हे!), नाहीतर नवरा घरी असताना पहाटे सहाच्या आत एकटीने बाहेर पडून यावे. घरात बाळ छातीशी धरून दहा-दहा मिनिटे तीनदा चालले तरी ते मोजले जाते. चालण्याआधी बाळाला पाजून घेतले की छाती जड लागत नाही.

पोटाच्या व्यायामाची घाई नको. गरोदरपणात पोटाचे स्नायू मधोमध विलग झालेले असतात, लवकर उठाबशा-क्रंचेस केले तर ती फट वाढू शकते. आधी श्वासाचे आणि ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचे व्यायाम करावेत, मग बाकीचे. सुती साडीने किंवा पट्ट्याने पोट बांधल्याने कमरेला आधार मिळतो, बरे वाटते, पण चरबी वितळत नाही. मालिशचेही तसेच. मालिश जरूर घ्यावे, पण वजनाच्या आशेने नको.

हे करू नये

कर्बोदके पूर्ण तोडणारे डाएट पाजताना धोक्याचे आहे. शरीर आधीच दुधासाठी साखर देत असते, त्यात पोळी-भात बंद केला की रक्तात आम्ले साचू शकतात. २०१५ साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी अशा एका पाजणाऱ्या आईची नोंद प्रसिद्ध केली आहे. मधुमेह नसतानाही तिला इस्पितळात दाखल करावे लागले होते. वजन घटवण्याच्या गोळ्या, 'फॅट बर्नर', जुलाबाचे चहा हे सगळे बाद. आजकाल ओझेम्पिकसारख्या इंजेक्शनांची चर्चा घरोघरी आहे. पाजत असताना ती घेऊ नयेत, डॉक्टरांना न विचारता तर अजिबातच नाहीत.

आपल्या उपासांबद्दलही बोलले पाहिजे. हरतालिकेचा निर्जळी उपास पाजणाऱ्या आईने करू नये, धर्मात तिला सूट आहेच. आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि दाण्याचा लाडू खाऊन "आज काही खाल्ले नाही" असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्या दिवशी कॅलरी नेहमीपेक्षा जास्तच गेलेल्या असतात.

आई परत गेल्यावर

आमच्या पाहण्यात वजन खरे वाढते ते लाडवाच्या दिवसांत नव्हे, त्यानंतर. आईचा व्हिजिट व्हिसा संपतो, ती परत जाते. नवरा शिफ्टवर. घरात बाळ आणि ती. पोळीभाजी करायला हात मोकळा नसतो, मग बिस्किटे, मॅगी, पाव-बटर, उरलेला भात उभ्याउभ्या. झोपेचे तर विचारूच नका. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की बाळ सहा महिन्यांचे असताना ज्या आया चोवीस तासांत पाच तास किंवा कमी झोपत होत्या, त्यांच्यात वर्षअखेर पाच किलो किंवा जास्त वजन टिकून राहण्याची शक्यता सात तास झोपणाऱ्यांच्या कितीतरी पट होती. तेव्हा डाएटचा तक्ता छापून देणाऱ्या नवऱ्याने त्यापेक्षा सुटीच्या दिवशी सकाळी बाळाला घेऊन दोन तास बाहेर बसावे. अहो, हेही औषधच आहे.

शेजारच्यांनीही बारशाला पेढ्यांचा तिसरा डबा नेण्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एक दिवस भाकरी, उसळ आणि पालेभाजी पोचती करावी. आपल्यापैकी काही घरांत हे चालते, सगळ्यांनी करावे असे वाटते.

नोकरी करणाऱ्यांसाठी थोडक्यात. फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या इथल्या कामगार कायद्याप्रमाणे खाजगी क्षेत्रात बाळंतपणाची रजा किमान ६० दिवस आहे, ४५ दिवस पूर्ण पगारी आणि १५ दिवस अर्ध्या पगारी. भारतात २०१७ पासून २६ आठवडे आहेत, त्या मानाने ही फार तोकडी. बाळंतपणापासून सहा महिने रोज एक तासापर्यंत पाजण्यासाठी सुटी मागण्याचा हक्क आहे, तो जरूर वापरावा. काढलेले दूध खोलीच्या तापमानाला चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस टिकते. इथे उन्हात उभ्या गाडीत ते काही मिनिटेही ठेवू नये.

दूध पुरते आहे का?

वजन उतरवताना आईच्या काट्याकडे कमी आणि बाळाकडे जास्त लक्ष द्यावे. चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले डायपर, पाजल्यावर समाधानी बाळ, आणि पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वाढ, एवढे असले की दूध पुरते आहे. वाढीचा आलेख दवाखान्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यावर काढून घ्यावा. तो तक्ता बनवताना जगातल्या ज्या सहा ठिकाणची बाळे मोजली त्यांत दिल्ली आणि मस्कत ही दोन्ही होती. त्यामुळे "आपली मुले बारीकच असतात" ही सबब तिथे चालत नाही. बाळाची वाढ मंदावली तर डाएट त्याच दिवशी थांबवून बालरोगतज्ज्ञांना भेटावे.

आईने डॉक्टरकडे जाण्याची कारणे वेगळी. सगळे नीट करूनही वजन हलत नाही, थंडी फार वाजते, अंग जड, बद्धकोष्ठ, सतत मरगळ असे असेल तर थायरॉइड तपासावे. बाळंतपणानंतरच्या वर्षात ते बिघडण्याचे प्रमाण कमी नाही, आणि साध्या रक्ततपासणीत कळते. उलट न प्रयत्न करता वजन झपाट्याने उतरत असेल, छातीत धडधड होत असेल तरीही तीच तपासणी. आणि खाण्यावरची वासनाच उडाली, बाळाकडे बघावेसे वाटत नाही, रडू आवरत नाही, असे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालले तर तो वजनाचा विषयच नाही. नवऱ्याने तिला सोबत घेऊन डॉक्टरकडे जावे, आणि जाण्याआधी आम्हा शेजारणींपैकी कुणालाही रात्री-अपरात्री फोन करावा.